सोळा डोसनंतरचे छत्तीस दिवस

मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशन ठरलेला रुग्ण माझ्याकडे येतो तो 'फिटनेस'चा कागद न्यायला. तोवर सर्जनने तारीख दिलेली असते, मुलाने रजा टाकलेली असते, गावाहून कोणीतरी मदतीला येणार असते, आणि मी मधेच खुसपट काढणारी बाई ठरते. हे प्रकरण अशाच एका खुसपटाचे. ज्यांचे आहे त्यांना विचारूनच लिहिते आहे. नाव देत नाही, ओळख पटेल असे दोन-चार तपशील बदलले आहेत. ओपीडीत सगळे त्यांना काकू म्हणत, इथेही काकूच.

काकूंचे वय ५४. नागपुरात नंदनवनकडे राहतात, वीसेक वर्षांपासून विद्यार्थ्यांचे डबे करतात. सहा वर्षांचा मधुमेह, त्यावर गोळी चालू. दसऱ्याच्या आवरासावरीत उजव्या स्तनात गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून आठ-दहा दिवस कोणाला सांगितले नाही. सुनेला कळले तेव्हा तिने दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठला. मग घरात खल झाला, मेडिकलला न्यायचे, तुकडोजीला, की जामठ्याला. कॅन्सरचे नाव निघाले की नागपुरात ही तीन नावे चहाच्या कपासोबतच येतात, हल्ली मिहानमधल्या एम्सचेही. त्या शेवटी कुठे गेल्या याला या कथेत महत्त्व नाही.

गाठ साडेचार सेंटीमीटरची. काखेतल्या एका सुजलेल्या ग्रंथीत सुई घालून पाहिले, तिथेही कॅन्सरच्या पेशी. शरीरात दुसरीकडे पसरल्याची खूण नव्हती. बायोप्सीत इआर, पीआर आणि हर-टू, म्हणजे औषधाला पकड देणाऱ्या पेशींतल्या तीन खुणा, तिन्ही निगेटिव्ह. म्हणजे संप्रेरकांच्या गोळ्या चालणार नाहीत, हर-टूवरचे इंजेक्शन चालणार नाही, औषधांपैकी मुख्य आधार केमोचा. अशा वेळी केमो आधी देतात आणि ऑपरेशन नंतर करतात. घरच्यांना हे उलटे वाटते. 'आधी काढा, मग औषध द्या' हे त्यांचे म्हणणे समजण्यासारखे आहे. पण हा प्रश्न जुना आहे आणि त्याचे उत्तर मिळालेले आहे. अमेरिकेत १९८८ ते १९९३ या काळात १,५२३ स्त्रियांना तीच केमो कोणाला ऑपरेशनच्या आधी, कोणाला नंतर देऊन पाहिली. आयुष्यात फरक पडला नाही, पण आधी केमो घेतलेल्यांत स्तन वाचवता आलेल्या स्त्रिया जास्त निघाल्या. शिवाय गाठ जागेवर असताना औषध दिले की ते लागू पडते आहे की नाही हे डोळ्यांनी दिसते.

काकूंना औषध फारच लागू पडले. पहिल्याच डोसनंतर गाठ मऊ आणि लहान लागायला लागली. तेव्हा सर्जनने एक काम केले, ज्याचे मोल मला पुढे कळले. सोनोग्राफीत बघत गाठीच्या मधोमध काही मिलीमीटरची धातूची क्लिप सोडून दिली. विहीर बुजवण्याआधी जागेवर दगड रोवून ठेवावा तसे हे. गाठ विरघळून गेली तर पाच महिन्यांनी कापायचे कुठे? हा प्रश्न केमो सुरू होतानाच विचारायचा असतो. दुसरीकडून केमो संपवून आलेल्या काही बायकांत ही खूण नसते, आणि मग सर्जन जुन्या मॅमोग्राफीच्या फिल्मा उजेडाला धरून अंदाज बांधत बसलेले मी पाहिले आहेत.

केमोबद्दल थोडक्यात सांगते. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुरुवात. दर तीन आठवड्यांनी एक असे चार डोस, ज्यातल्या एका औषधाला सगळे वॉर्डभर 'लाल औषध' म्हणतात. मग पॅक्लिटॅक्सेलचे दर आठवड्याला एक असे बारा. केस गेले, तोंड आले, एकदा पांढऱ्या पेशी घसरून ताप आला आणि तीन दिवस भरती व्हावे लागले. औषधासाठी कातडीखाली बसवतात तो पोर्ट बसवला नव्हता, सोळाही डोस डाव्या हाताच्या शिरांतून गेले. शेवटचा डोस २१ एप्रिलला. त्या दिवशी घरी पुरणपोळी झाली.

माझ्याकडे त्या आल्या २ मे रोजी.

'गाठ तं गेली ना, मंग?'

भूलपूर्व तपासणीच्या खोलीत लोक मला असे प्रश्न विचारतात जे सर्जनला विचारायचे राहून जातात. सर्जनसमोर दडपण असते, बाहेर चाळीस जणांची रांग असते. मी बसून बीपी मोजत असते, हातात हात असतो.

"मॅडम, सर्जन सर म्हणतात ऑपरेशन कराच," मुलगा म्हणाला. तो बुटीबोरीला कंपनीत आहे, अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आला होता.

"पन गाठ तं गेली ना," काकू म्हणाल्या. "मी रोज पायतो. हाताले काईच लागत नाई. मंग आता काय कापून राहिले?"

मी त्यांची सोनोग्राफी काढली. क्लिपभोवती आठ मिलीमीटरचा धूसर डाग होता. काखेतली ग्रंथी पुन्हा नेहमीच्या आकाराची झालेली. डाग म्हणजे कॅन्सर की गाठ वितळल्यावर राहिलेला वण, हे सोनोग्राफी सांगू शकत नाही. तसा डागही नसता, तरी आत पेशी नाहीत असे म्हणता आले नसते. या जातीच्या कॅन्सरमध्ये केमोनंतर सूक्ष्मदर्शकाखाली एकही पेशी न सापडणाऱ्या स्त्रिया, कोणती औषधे जोडून दिली त्यानुसार, तिघींत एक ते दोघींत एक असतात. ती एक आपण आहोत की नाही हे कळायचा एकच मार्ग, तो भाग काढून पॅथॉलॉजीला पाठवणे. आणि जे कळते त्यावर पुढचे औषध ठरते.

मी त्यांना तांदूळ निवडण्याचे उदाहरण दिले. सुपात वरवर खडा दिसत नाही म्हणून कोणी तसेच शिजायला टाकत नाही. काकू हसल्या. "मी तं दोनदा निवडतो," म्हणाल्या. मग गप्प झाल्या. पटले होते, पण आवडले नव्हते.

घरात याच्या उलट टोकाचा पक्ष नणंदबाईंचा होता. त्या भंडाऱ्याहून आलेल्या, धाकाच्या. "करायचंच हाय तं पूर्न काढून टाका, झंझट नको" असे त्यांचे सरळ म्हणणे. त्यांच्या ओळखीतल्या एकीचे अर्धवट काढले आणि परत आले, म्हणे. ही भीती खोटी नाही, पण आकडे तिच्या बाजूने नाहीत. बर्नार्ड फिशर यांच्या गटाने १९७६ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात पूर्ण स्तन काढलेल्या आणि फक्त गाठ काढलेल्या स्त्रियांना वीस वर्षे पाहिले. २००२ मध्ये निकाल छापून आला, जगण्यात फरक नाही. अट एकच, स्तन राखला तर रेडिएशन घ्यायचे. ते न घेतलेल्यांत त्याच स्तनात गाठ परत येण्याचे प्रमाण बरेच जास्त होते.

निर्णय सर्जनने काकूंवर सोडला होता, आणि काकूंनी मला विचारले ते स्तनाबद्दल नव्हतेच. "हात कोन्त्यात चांगला राहते?" दिवसाच्या साठ पोळ्या लाटणाऱ्या बाईचा हा प्रश्न. खरे उत्तर असे की हाताची सूज आणि खांद्याचा आखडलेपणा हा मुख्यतः काखेतल्या ऑपरेशनवर आणि तिथल्या रेडिएशनवर अवलंबून असतो, स्तन राखला की काढला यावर कमी. काखेत आधी रंग सोडून पहिल्या तीन-चार ग्रंथी शोधायच्या, त्या तपासायच्या, त्यांत काही नसेल तर बाकीच्या सोडून द्यायच्या, असे ठरले होते. त्यांत सापडले तर मात्र सगळी काख साफ करावी लागणार. हे ऐकून त्यांनी तिथेच सांगितले, स्तन ठेवा. नणंदबाई बाहेर बाकावर होत्या.

मुलाने जाता जाता मोबाइल पुढे केला. व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर होता, की टाटाच्या डॉक्टरांनी शोधलेय, गाठीभोवती बधिर करण्याचे इंजेक्शन दिले की कॅन्सर परत येत नाही. फॉरवर्डमध्ये शंभरातले पाच तरी खरे असते, इथे बरेच खरे होते. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने देशातल्या ११ केंद्रांत हा अभ्यास झाला, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, जवळपास १,६०० स्त्रिया होत्या. कापण्याच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती लिग्नोकेन दिलेल्यांत पाच वर्षांनंतर हयात असलेल्या ९०.१ टक्के, न दिलेल्यांत ८६.४ टक्के. स्वस्तातले औषध, रोज आमच्या ट्रॉलीवर पडलेले. पण त्या सगळ्या स्त्रिया केमो न घेता थेट ऑपरेशनला गेलेल्या होत्या. आधी केमो घेतलेल्यांत तसाच फायदा होतो असे त्या अभ्यासावरून म्हणता येत नाही. हे सांगितले तेव्हा मुलाचा चेहरा उतरला. मला वाईट वाटले, पण त्याला इलाज नव्हता.

तोंड उघडा

आता माझे काम.

केमोने शरीरात काय काय ठेवून दिले आहे हे पाहायला आम्ही ठरावीक जागा धुंडाळतो. पहिले हृदय, कारण ते लाल औषध हृदयाच्या स्नायूला दुखावू शकते. चार डोस मिळून काकूंना जेवढे गेले ते धोक्याच्या पातळीपासून बरेच खाली होते, तरी इको परत केला. केमोआधी हृदयाची पंप करण्याची क्षमता ६२ टक्के, आता ५७. चालेल. हिमोग्लोबिन ९.४, आणि लोह कमी. पांढऱ्या पेशी व प्लेटलेट सावरलेल्या. उपाशीपोटी साखर १९८, कारण केमोआधी दर वेळी स्टेरॉइड मिळत होते आणि पथ्य कधीच सुटले होते. यकृताची एक तपासणी थोडी वाढलेली. खोदून विचारल्यावर नणंदबाईंचा गुळवेलीचा काढा बाहेर आला, सकाळ-संध्याकाळ, दोन महिन्यांपासून. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याची प्रकरणे आपल्याकडच्या डॉक्टरांनीच नोंदवली आहेत. काढा बंद.

डाव्या हातावर बोटे फिरवली. शिरा सुतळीसारख्या कडक, दाबल्या तर दबत नव्हत्या. नखे काळपट. बोटांची टोके बधिर, पायांचीही. पॅक्लिटॅक्सेलची ही नेहमीची भेट. त्या बधिरपणाची नोंद मी फार नीट करते, कोणत्या बोटात कुठपर्यंत. ऑपरेशनच्या वेळी छातीच्या नसांभोवती बधिर करण्याचे औषध देणार असते. नंतर कोणी म्हणाले की 'भुलीनंतर बोटं सुन्न झाली', तर ती आधीपासून सुन्न होती हे कागदावर हवे.

मग उजवा हात पाहिला आणि अंगठ्यावर फोड दिसला, फुटलेला, कडेने लाल.

"तव्यानं भाजलं. समजलंच नाई मले."

ज्या बाजूच्या काखेत कापायचे त्याच हाताला जखम, तीही मधुमेहात, तीही लाल. ही बरी झाल्याशिवाय टेबलवर घेणार नाही असे मी तिथेच सांगितले. डबे करायला केमो संपल्यावर चौथ्याच दिवशी सुरुवात केली होती.

व्यसनाचा रकाना मी नेहमीसारखा भरला. "तंबाखू, दारू काही?" "नाई बाप्पा," काकू म्हणाल्या. मुलगाही हसला, आईला काय विचारता म्हणून. फाइलमध्ये आधीच्या सहा ठिकाणी 'व्यसन: नाही' असे होते. मी सातवे लिहिले.

शेवटी म्हटले, तोंड उघडा.

ही आमची सवय. रुग्णाने स्वतःची तीन बोटे उभी करून दातांमध्ये घालावीत, जायला पाहिजेत. भूल दिल्यावर श्वासाची नळी आम्ही तोंडातून बघत बघत घालतो, तेवढी जागा लागते. काकूंची दोन बोटेही धड जाईनात. पट्टीने मोजले, २२ मिलीमीटर. गालाला आतून हात लावला तर कातड्याच्या पट्ट्याच्या दोऱ्या असाव्यात तसे लागले, पांढुरके आणि ताठ. हे काय आहे ते विदर्भात काम करणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

मुलाला फाइलची झेरॉक्स काढायला पाठवले. त्याची गरज नव्हती.

"काकू, खर्रा?"

त्यांनी दाराकडे पाहिले. "तो तं असाच. तंबाखू थोडीच हाय."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून केलेला खर्रा नागपुरात टपरी-टपरीवर मिळतो, पातळ प्लास्टिकच्या पुडीत. त्यातल्या सुपारीने गाल आतून असे ताठ होतात आणि तोंड उघडेनासे होते. पोरे खातात, पोलीस खातात, आमच्याकडचे वॉर्डबॉय खातात, आणि बायकाही खातात, फक्त दिसत नाहीत. 'तंबाखू खाता का?' या प्रश्नाला त्या 'नाही' म्हणतात ते खोटे बोलायचे म्हणून नाही. त्यांच्या लेखी तंबाखू म्हणजे हातावर मळायची ती. दिवसाचे दोन, पंधरा-सोळा वर्षे. केमोत तोंड आले होते तेव्हा दीड महिना आपसूक सुटला, मग परत सुरू. शेजारच्या घरातला मुलगा आणून देतो.

चूक माझीही होती. मुलासमोर विचारले, पुस्तकी शब्दात विचारले. गेल्या कित्येक वर्षांत असे किती 'नाही' मी लिहून घेतले असतील, देव जाणे. आता मी एकटीला गाठून विचारते, "खर्रा दिवसाचे किती?" शून्य असेल तर त्या शून्य सांगतील. नसेल तर आकडा मिळतो.

तोंड एवढेच उघडणारा रुग्ण नेहमीच्या पद्धतीने झोपवला आणि मग नळी जाईना झाली, तर हातात काही मिनिटेच असतात. हे ऑपरेशनच्या सकाळी टेबलवर कळणे आणि तीन आठवडे आधी कळणे यात केवढे अंतर आहे ते माझ्या धंद्यातल्या माणसाला विचारा. दंतविभागात पाठवले. कॅन्सरसारखे काही नव्हते, पण लक्ष ठेवायला सांगितले. बायोप्सी करावी असा चट्टा सापडला नाही.

आईस्क्रीमच्या काड्या

सर्जनने आधी १२ मे तारीख दिली होती. मी २७ मे मागितली. केमो संपल्यावर तीन आठवड्यांच्या आत रक्तपेशी बहुतेकदा पुरत्या सावरलेल्या नसतात, आणि आठ आठवड्यांच्या पुढे ढकलले तर निकाल घसरतात असे अभ्यासांत दिसले आहे. २७ तारखेला छत्तीस दिवस होत होते. सर्जन कुरकुरले, मग अंगठ्याचा फोटो पाहिला आणि मान्य केले. महात्मा फुले योजनेची मंजुरी ऑपरेशनसाठी पुन्हा वेगळी घ्यायची होती. आधार आणि रेशनकार्डावरचे नाव एका अक्षराने जुळत नव्हते, त्यात आरोग्यमित्राचे चार दिवस गेलेच असते. तर तो वेळ तसाही लागणारच होता.

त्या पंचवीस दिवसांत काय झाले ते सुनेच्या वहीत आहे. तिने दोनशेपानी वही आणली, चौकटी आखल्या. साखर दिवसातून तीनदा. आठवडाभर आकडे १८० च्या वर, मग रात्रीचे इन्सुलिन लावले तशी उतरली. लोहाचे सलाइन एकदा. अंगठ्याला रोज ड्रेसिंग, तव्याजवळ जायचे नाही. डबे बंद करायला काकू तयार नव्हत्या, म्हणून पोळ्यांना बाई लावली आणि वरण-भाजी काकूंची राहिली. खांद्याचे व्यायाम ऑपरेशनच्या आधीपासून करून घेतले. भिंतीला तोंड करून उभे राहायचे, बोटांनी भिंत चढायची, जिथे हात पोचतो तिथे पेन्सिलची रेघ. स्वयंपाकघराच्या ओल धरलेल्या भिंतीवर त्या रेघा अजून आहेत. पुढे रेडिएशनच्या टेबलावर हात डोक्यावर नेऊन निजावे लागते. तो गेला नाही तर रेडिएशन अडते, हे मात्र लोकांना आधी कोणी सांगत नाही.

आणि काड्या. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दाढांच्या मध्ये धरायच्या, थोडे थांबायचे, मग अजून एक सरकवायची. पहिल्या दिवशी अकरा गेल्या. सुनेने सक्करदऱ्याच्या दुकानातून काड्यांचे पाकीटच आणले. नातू म्हणे रोज विचारायचा, आजीने आज किती आईस्क्रीम खाल्ले. २६ मेला तेरा. दोन काड्या म्हणजे चारेक मिलीमीटर. त्यामुळे माझी पद्धत बदलली नाही, पण काकूंना ते बरे वाटत होते आणि खर्रा तोंडात असताना काड्या धरता येत नाहीत, हा फायदा मला नंतर लक्षात आला.

खर्रा सुटला का? वहीत त्याची चौकट नव्हती. ती आमच्या दोघींतच होती. दोनाचा एक झाला, शेवटचे बारा दिवस शून्य, असे त्यांनी सांगितले आणि मी मानले.

नवतप्याचा तिसरा दिवस

२७ मे. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागलेला, बाहेर ४५ अंशांची भाषा. आदल्या रात्री नऊला सुनेचा फोन आला. वॉर्डातून कोणीतरी सांगितले होते, रात्री दहानंतर पाण्याचा थेंबही नको. ही सूचना एवढी रुजली आहे की उपटता उपटत नाही. हलके जेवण सहा तास आधीपर्यंत आणि साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. नागपूरच्या मे महिन्यात, कूलर गरम हवा फेकत असताना, मधुमेही बाईला दहा तास कोरडे ठेवायचे आणि मग सकाळी तिच्या त्या सुतळी झालेल्या शिरा शोधायच्या! मी सांगितले, सकाळी सहा वाजेपर्यंत दोन पेले साधे पाणी पाजा. चहा नाही, दूध नाही, मधुमेहाची गोळी नाही. पहिला नंबर त्यांचाच लावला होता.

सकाळी सोनोग्राफीत क्लिप शोधून तिथपर्यंत बारीक तार घातली. सर्जनने काकूंना बसवून स्तनावर पेनाने खुणा केल्या, कारण आडवे झाल्यावर सगळे बाजूला सरकते. डाव्या हाताला शीर सोनोग्राफी लावून तिसऱ्या प्रयत्नात मिळाली. नाक-घसा बधिर करून, त्यांना अर्धवट जागे ठेवून, लवचीक दुर्बिणीवरून नाकातून नळी घातली. पंधरा मिनिटे लागली. त्या पूर्ण वेळ माझ्या सहायक डॉक्टरचा हात घट्ट धरून होत्या.

त्या दिवशी ऑक्सिजनच्या आकड्याने दोनदा त्रास दिला. एकदा सुरुवातीलाच, काळ्या नखावर यंत्राला काही वाचता येईना. ते कानाच्या पाळीला लावले. दुसऱ्यांदा सर्जनने निळा रंग टोचल्यावर, ९९ चा ९४ झाला. मेथिलिन ब्लू रक्तात आले की यंत्र फसते, खरा ऑक्सिजन जिथल्या तिथे असतो. हे पुस्तकात वाचलेले असते, मी शंभरदा पाहिलेलेही आहे, तरी हात आपोआप नळीकडे जातोच. काही मिनिटांत परत ९९. दुसऱ्या दिवशी लघवी हिरवी होईल हे सुनेला आधीच सांगून ठेवले होते. नाही सांगितले तर पहाटे पाचला फोन येतो.

काढलेल्या तुकड्याचा तिथेच एक्स-रे घेतला. पांढऱ्या ढगात क्लिप दिसली, बरोबर मधोमध. काखेतून चार ग्रंथी निघाल्या. त्या गोठवून तपासायला गेल्या आणि पस्तीस मिनिटांनी फोन आला, एकीत पेशी आहेत. सर्जनने काही न बोलता काख साफ करायला घेतली. ज्या हातासाठी काकूंनी एवढा विचार केला होता तो हात आता जन्मभर जपावा लागणार होता.

जखमेतले पाणी बाहेर काढणारी ड्रेनची नळी सोबत घेऊन चौथ्या दिवशी घरी गेल्या. ड्रेनच्या बाटलीसाठी जुन्या साडीची गळ्यात अडकवायची पिशवी त्यांनी स्वतः आधीच शिवून ठेवली होती, दोन खणांची, एका खणात मोबाइल. रोजचे पाणी ३० मिलीच्या खाली यायला बारा दिवस लागले.

रिपोर्टमध्ये स्तनात नऊ मिलीमीटरचा कॅन्सर उरला होता, कडा मोकळ्या, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या काठावर पेशी नव्हत्या. काखेतल्या पंधरा ग्रंथींपैकी त्या एकीतच. नणंदबाईंना वाटले आता तरी पूर्ण काढतील, पण कडा मोकळ्या असल्यावर त्याची गरज नव्हती. उरलेल्या त्या नऊ मिलीमीटरमुळे औषध मात्र वाढले. केमोनंतरही पेशी उरलेल्यांना कॅपेसिटाबिनच्या गोळ्या दिल्या तर फायदा होतो, आणि तिन्ही निगेटिव्ह असलेल्यांत तो जास्त होतो, हे जपान आणि दक्षिण कोरियातल्या २०१७ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात दिसले. आधी रेडिएशन, मग गोळ्या. मुलाने विचारले, ऑपरेशन केले नसते तर हे कळलेच नसते ना? मी मान हलवली. या गोळ्यांनी तळहात लाल होतात, सोलतात. तव्याचा प्रश्न म्हणजे मिटला नाही, लांबला.

जुलैत, रेडिएशनची आखणी करायला आल्या तेव्हा माझ्या खोलीत डोकावल्या. हात कानाला लागेपर्यंत वर करून दाखवला. मग पर्समधून रबरबँड लावलेला काड्यांचा गठ्ठा काढला, दाढांत धरला आणि बोटांनी पंधरा केले. मी पट्टी काढून मोजले, ३० भरले.

"आणि खर्रा?" मी विचारले.

त्यांनी दाराकडे पाहिले. मुलगा गाडी लावायला गेला होता. "आठ दिवसांतून एखादा," म्हणाल्या.

मी तसेच लिहून घेतले.